निथळणाऱ्यांचे कपडे

ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी साडेसहाला मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी, धावणं संपवून उभ्या असलेल्या माणसांकडे जरा निरखून पाहिलं तर दोन पंथ दिसतात. पहिल्या पंथाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, तळहाताएवढा ओला डाग असतो. दुसऱ्याच्या टी-शर्टाच्या खालच्या काठावरून पाणी गळत असतं. आधी ते काठाच्या दुमडलेल्या शिवणीत साठतं, शिवण टम्म होते, मग एकेक थेंब सुटून शॉर्ट्सवर पडतो, तिथून मांडी, पोटरी आणि शेवटी मोजा. माणूस चालायला लागला की बूट पचक-पचक वाजतात. हे लिखाण या दुसऱ्या पंथासाठी आहे. पहिल्यांना जे हाताला लागेल ते चालतं.

दुसऱ्या पंथाला दुकानात पहिला सल्ला मिळतो तो 'ड्रायफिट घ्या' हा. मुळात हे एका कंपनीचं राखीव नाव. आपल्याकडे त्याचं डालडा आणि झेरॉक्स झालं. आता फुटपाथवरच्या दीडशे रुपयांच्या ढिगालाही ड्रायफिटच म्हणतात. त्या शब्दातलं आश्वासन मात्र जड घामवाल्याच्या कामाचं नाही. तासाला दीड लिटर घाम गाळणाऱ्याचा कुठलाही कपडा, कितीही महाग असला तरी, कोरडा राहत नाही. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत तो भिजणार आणि उरलेला सगळा वेळ भिजलेलाच राहणार. त्यामुळे खरेदी करताना विचारायचा प्रश्न असा की, पूर्ण ओला झाल्यावर हा कपडा कसा वागतो? किती पाणी धरून ठेवतो, कुठे चिकटतो, कुठे घासतो, त्यातून वारा जातो का? दुकानातला कोरडा, इस्त्री केल्यासारखा टी-शर्ट यातलं काहीच सांगत नाही.

आधी थोडा हिशेब मांडू. सत्तर किलोचा माणूस ताशी दहा किलोमीटरच्या वेगानं तासभर धावला तर साधारण 700 कॅलरी खर्च होतात. त्यातला जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष पळण्याच्या कामी येतो. उरलेल्या सव्वापाचशे-साडेपाचशे कॅलरींची उष्णता होते आणि ती अंगाबाहेर काढावीच लागते. एक लिटर घाम त्वचेवरून पुरता वाळला तर तो जवळपास 580 कॅलरी घेऊन जातो. म्हणजे सगळा घाम वाळत असेल तर तासाला एक लिटरमध्ये काम भागतं. मग दीड-दोन लिटर का येतो? कारण बराचसा वाळत नाही, गळतो. गळालेला थेंब जाताना काही म्हणता काही उष्णता नेत नाही. आतलं तापमान उतरत नाही म्हणून शरीर आणखी घाम सोडतं, तोही गळतो, आणि हे चक्र चालू राहतं.

यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. नियमित धावणाऱ्याला घाम लवकर सुटतो आणि जास्त सुटतो. उन्हाळ्यात दहा-चौदा दिवस सराव केला की शरीर तो आणखी वाढवतं. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकआधी अल्बर्टो सालाझार या अमेरिकी मॅरेथॉनपटूचा घाम मोजला होता, तो ताशी 3.7 लिटर भरला. आपला आकडा काढायचा असेल तर धावण्याआधी आणि नंतर, कपडे काढून आणि अंग पुसून वजन करावं. एका तासात 1.2 किलो कमी झालं आणि मध्ये 300 मिली पाणी प्यायलं असेल तर घाम दीड लिटर. तासाला लिटरच्या आत असाल तर पुढची बरीचशी चिकित्सा तुम्हाला गरजेची नाही.

आता टी-शर्टाचा यात वाटा किती, ते नागपूरच्या कूलरवरून लगेच कळतं. मे महिन्यात नागपूरला कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलं की खोली गार होते. तोच कूलर मुंबईत आणून लावला तर खोलीत दमटपणा तेवढा वाढतो आणि चादरी चिकट होतात. माठाचंही तसंच, विदर्भातल्या माठातलं पाणी दाताला लागतं, कोकणातला माठ जेमतेम गार होतो. अंगातला टी-शर्ट म्हणजे अंगावर घेतलेली वाळ्याची ताटी. ती पाणी पसरवते. वाळवायचं काम हवेचं आहे.

हवेची ताकद आकड्यांत सांगायची तर, 35 अंशांच्या ओल्या त्वचेलगत वाफेचा दाब 42 मिलिमीटर पारा इतका असतो. दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान; तो 25 असलेल्या हवेत वाफेचा दाब 24 असतो. फरक 18 चा, आणि हा फरकच घाम ओढून नेतो. दवबिंदू 10 असेल तर हवेतला दाब 9, म्हणजे फरक 33. ओढ जवळजवळ दुप्पट. मुंबईत पावसाळ्यात दवबिंदू 25 च्या आसपास ठाण मांडून असतो. पुण्यात थंडीच्या पहाटे तो 10 च्या आसपास उतरतो. म्हणून एकाच कंपनीचा एकच टी-शर्ट पुणेकर डोक्यावर घेतो आणि मुंबईकर त्याला शिव्या घालतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. मोबाइलवर हवामान बघताना आर्द्रतेच्या टक्क्यांवर जाऊ नये. 20 अंशांना 90 टक्के आणि 27 अंशांना 90 टक्के यांत दवबिंदूचा फरक सात अंशांचा पडतो. दवबिंदू 15 च्या खाली असेल तर कुठलाही बरा टी-शर्ट आपलं काम करतो. 20 च्या वर गेला की निवडीला खरा अर्थ येतो, आणि 24-25 ला कपड्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी की त्यानं मध्ये लुडबुड करू नये.

कपडा पाणी पसरवतो कसा, ते निरांजनात रोज दिसतं. वातीला तेल वर चढवणारा पंप नसतो. धाग्यांमधल्या बारीक फटी ते ओढून घेतात. ज्याला बाजारात 'विकिंग' म्हणतात ते हेच. आणि वात तर सुताचीच असते! म्हणजे सुताला घाम ओढता येत नाही हा समज चुकीचा आहे, चांगला ओढता येतो. अडचण पुढे आहे. सुताचा तंतू स्वतःही पाणी पितो, पिऊन फुगतो, फटी बुजतात, आणि प्यायलेलं पाणी तो लवकर सोडत नाही. नेहमीच्या हवेतच सूत आपल्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओल बाळगून असतं. नायलॉन चार टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पॉलिएस्टरमध्ये पाणी राहतं ते फक्त तंतूंच्या मधल्या फटींत. तिथून ते सुटायला सोपं.

पण यावरून 'सूत वाईट, पॉलिएस्टर चांगलं' असा निष्कर्ष काढला की फसगत होते. घरातला पंचा आणि टर्किश टॉवेल शेजारी शेजारी वाळत घाला. दोन्ही सुतीच. पंचा तासाभरात खडखडीत होतो, टॉवेल संध्याकाळपर्यंत दमट. फरक जाडीचा आहे. कपडा किती पाणी धरणार हे तंतूपेक्षा जाडीवर जास्त ठरतं, आणि हे पॉलिएस्टरलाही तसंच्या तसं लागू आहे. जाडजूड पॉलिएस्टरचा टी-शर्ट भरपूर पाणी धरतो. शाळेच्या खेळाच्या गणवेशाचा तो चकचकीत, वजनदार टी-शर्ट आठवावा. म्हणून लेबलावर '100 टक्के पॉलिएस्टर' वाचून समाधान मानू नये, जीएसएम विचारावं. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, हा तो आकडा. जड घामवाल्यानं 100 ते 130 च्या मध्ये राहावं. स्पर्धांच्या किटमध्ये मिळणारे टी-शर्ट बरेचदा 140-160 चे असतात, आणि 180 च्या पुढे गेलं की ते कापड जिमसाठी ठीक. बऱ्याच लेबलांवर हा आकडा छापलेला नसतो. मग टी-शर्टच तोलायचा: एल साइझचा अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट 110-125 ग्रॅम भरला तर बरोबर, 160 भरला तर दुकानातच ठेवावा.

ज्यांनी सत्तरच्या दशकात टेरिलीनचे शर्ट घातले, त्यांच्या मनातून पॉलिएस्टरची अढी जात नाही. त्यांचंही चूक नाही, कारण टेरिलीन म्हणजे पॉलिएस्टरच. पण ते दाट विणलेलं, गुळगुळीत तंतूंचं कापड. घामाला पसरायला वाट नव्हती आणि वाऱ्याला आत यायला फट नव्हती. आजच्या टी-शर्टाचं कापड मागावर विणलेलं नसतं, ते होजिअरीसारखं गुंफलेलं असतं. तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, आणि काहींच्या अंगाला लांबीभर पन्हळी पाडलेल्या असतात. 1986 साली ड्युपॉन्टनं बाजारात आणलेलं कूलमॅक्स हे त्यातलं गाजलेलं नाव. पाणी त्या पन्हळींतून धावतं. स्वस्त मालात पन्हळी नसतात, वरून पाणीओढ्या रसायनाचा हात दिलेला असतो. तो नवेपणी उत्तम चालतो आणि धुण्यागणिक उतरत जातो. 'पहिले दोन महिने मस्त होता, आता पाणीच ओढत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. आपल्याकडच्या घाऊक बाजारात डॉट निट, राइस निट अशी नावं ऐकू येतात. ती गुंफणीची नावं आहेत, दर्जाची नव्हेत. एकाच नावाखाली 120 पासून 200 जीएसएमपर्यंत काहीही मिळतं.

घरी करायच्या तीन परीक्षा सांगतो. तीनही नव्या टी-शर्टावर एकदा साध्या पाण्यात धुऊन मगच घ्याव्यात, कारण कारखान्यातली खळ निकालात घोळ करते.

पहिली थेंबाची. टी-शर्ट उलटा करून अंगाला लागणारी बाजू वर घ्या आणि बोटानं पाण्याचा एक थेंब सोडा. दोन-तीन सेकंदांत तो शिरला पाहिजे. मग कापड उलटून बाहेरच्या बाजूचा डाग बघा. आतल्यापेक्षा बाहेरचा डाग मोठा असेल तर पाणी बाहेर पसरतंय, उत्तम. थेंब मोत्यासारखा वरच बसून राहिला तर तो टी-शर्ट घामाला अंगाशीच अडवून ठेवणार.

दुसरी वजनाची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. कोरडा टी-शर्ट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. नळाखाली पुरता भिजवा, पिळू नका, हँगरला लावून बादलीवर टांगा. पाचेक मिनिटांत थेंब पडायचे थांबले की पुन्हा तोला. सोबत एक सुती टी-शर्टही असाच तोलून बघा. तो पाव किलोच्या वर सहज जातो. आता दोन्ही पंख्याखाली टांगून दर पंधरा मिनिटांनी वजन लिहीत जा. ज्याचा आकडा भरभर उतरतो, तो खरा. आणि टांगलेला असताना त्याच्या खालच्या काठाकडे लक्ष ठेवा. सगळं पाणी तिथे येऊन थांबतं, कारण दुमडून दुहेरी शिवलेल्या काठात जाडीही दुप्पट होते आणि फटीही. पळताना हाच ओला काठ मांडीवर चापट्या मारत राहतो. बाजूला चीर असलेला किंवा न दुमडता कापलेल्या काठाचा टी-शर्ट कमी पाणी धरतो. ही बारीकसारीक गोष्ट वाटते, पंधराव्या किलोमीटरपर्यंतच.

तिसरी फुंकरीची. कोरडं कापड ओठांसमोर ताणून धरा आणि फुंका. पलीकडच्या तळहाताला वारा लागायला हवा. मग तेच कापड भिजवून, झटकून पुन्हा फुंका. घट्ट गुंफणीत भोकांवर पाण्याचा पडदा धरतो आणि फुंकर अडते. मोठ्या भोकांच्या जाळीत पडदा फुटतो. पाठीला आणि काखेला जाळी असलेला टी-शर्ट घ्यायचा तो यासाठी. छातीवर शोभेपुरती चार भोकं पाडलेली असतील तर त्यांचा उपयोग शून्य.

मापाबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. अंगाला लागून असल्याशिवाय कापड घाम ओढणार कसा, हे एक. सैल असल्याशिवाय हवा खेळणार कशी, हे दुसरं. दोन्ही बरोबर, आपापल्या हवेत. कोरड्या थंड सकाळी अंगाबरोबर बसणारा घ्यावा. दमट हवेत सैल, खोल काखेची बंडीच बरी; जुना गंजिफ्रॉक रचनेनं अगदी योग्य होता, चुकलं होतं फक्त कापड. कॉम्प्रेशनचा घट्ट टी-शर्ट दमट हवेत घालू नये. त्यात इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, भरपूर असतो, कापड दाट असतं, आणि तासाभरात तो ओल्या पट्टीसारखा अंगाला आवळून बसतो. उघड्या अंगानं पळणारेही असतात. वारा थेट लागतो हे खरं, पण घामाचे ओघळ कुठेही न पसरता सरळ शॉर्ट्समध्ये उतरतात. जड घामवाल्याला हे महागात पडतं.

छातीवरचं छापील चित्र हा एक दुर्लक्षित शत्रू. रबरासारखा जाड छाप म्हणजे त्या जागी प्लास्टिकचा तुकडा चिकटवल्यासारखंच. त्याखाली घाम साचतो आणि छापाची कड स्तनाग्रांवर घासते. रंग धाग्यातच मुरवलेली सब्लिमेशनची छपाई हाताला लागत नाही, ती चालते. बोट फिरवून पाहिलं की लगेच कळतं. स्पर्धेचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, हाही असाच एक पाटा आहे. तो शॉर्ट्सवर किंवा पट्ट्याला लावायला परवानगी आहे का, हे त्या स्पर्धेच्या सूचनांत बघून घ्यावं.

रंगाचं थोडक्यात. पहाटे कुठलाही चालतो, आठनंतर उन्हात फिका बरा. पांढरा ओला झाला की आरपार दिसतो, आणि मिश्र राखाडीवर घामाचा नकाशा सगळ्यात ठळक उमटतो. काळ्यावर वाळल्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा येतात. त्या रेघा दर वेळी जाड येत असतील तर लांब पल्ल्याला साध्या पाण्यावर भागवू नये.

आता घासण्याचं. ओली त्वचा कोरडीपेक्षा जास्त घासली जाते आणि घामातलं मीठ त्यावर बारीक वाळूसारखं काम करतं. म्हणून शिवणी तपासायच्या. उलट्या बाजूनं बोट फिरवल्यावर दोरीसारखी उभी लागते ती ओव्हरलॉकची शिवण. सपाट, रुंद, पट्टीसारखी लागते ती फ्लॅटलॉक. काखेत आणि खांद्यावर फ्लॅटलॉकच हवी. मानेमागचं शिवलेलं लेबल नुसतं कात्रीनं कापू नये, कारण उरलेला दोन मिलिमीटरचा खुंट लेबलापेक्षा जास्त टोचतो. ते उसवून काढावं. स्तनाग्रांसाठी पुरुषांनी कापडी किंवा वॉटरप्रूफ चिकटपट्टी वापरावी; कागदी मायक्रोपोर घामात तासाभरात सुटतो. क्रमही पाळावा लागतो. आधी कोरड्या त्वचेवर पट्टी, मग बाकीच्या जागी व्हॅसलीन. उलट केलं तर पट्टी दुसऱ्या किलोमीटरला टी-शर्टाला चिकटलेली सापडते. व्हॅसलीन काखेत आणि जांघेत प्रत्येकी हरभऱ्याएवढं पुरे. जास्त फासलं तर ते कापडात मुरतं आणि तेवढ्या जागी कापड पाणी ओढायचं थांबतं.

शॉर्ट्सच्या आत सुती चड्डी घालणं ही जड घामवाल्याची सगळ्यात मोठी चूक. वरचा टी-शर्ट कितीही भारी असो, त्याचं सगळं पाणी शेवटी कमरेलाच येतं, आणि तिथे सूत बसलेलं असेल तर ते पाणी तिथेच मुक्काम करतं. आत जाळीची चड्डी शिवलेली शॉर्ट्स असतात, त्यांच्या आत आणखी काही घालायचं नसतं. ती चड्डी त्यासाठीच आहे, पण संकोचापोटी लोक दोन्ही घालतात. मांड्या एकमेकींना घासत असतील तर नायलॉन-इलॅस्टेनची मांडीपर्यंतची हाफ टाइट घ्यावी. ती थोडं जास्त पाणी धरते, पण मांड्यांच्या मध्ये कपड्यावर कपडा सरकतो, कातडीवर कातडी घासत नाही. आतल्या शिवणीला पाच इंची असलेल्या शॉर्ट्स इथे हमखास वर चढतात. सात इंची थोडी बरी. कमरेच्या पट्ट्यात नाडी हवीच, कारण ओली शॉर्ट्स नुसत्या इलॅस्टिकवर टिकत नाही. दुकानात खिशात मोबाइल टाकून दहा उड्या माराव्यात, लाजू नये. कमरेच्या मागचा मधला खिसा दिसायला सोयीचा, पण पाठीचा सगळा ओघळ बरोबर तिथे उतरतो. मोबाइल तिथे ठेवायचा तर झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालूनच.

बायकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त पाणी धरणारा कपडा टी-शर्ट नसतोच, स्पोर्ट्स ब्रा असते. दोन थर, मध्ये फोमचे कप, खाली रुंद इलॅस्टिक. फोम अक्षरशः स्पंज आहे. वर सांगितलेली वजनाची परीक्षा ब्रावर जरूर करावी. कप काढून आणि कपांसह, दोन्ही. घ्यायचीच तर फोमशिवायची, प्रत्येक बाजूला वेगळा आधार देणारी ब्रा घ्यावी. आधार पट्ट्यांतून कमी आणि छातीखालच्या पट्टीतून जास्त मिळायला हवा. त्या पट्टीखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. ती सैल असेल तर ओली झाल्यावर वर-खाली सरकते, आणि स्नान करताना पाणी लागलं की जी आग होते ती त्याचीच. व्हॅसलीनची पहिली जागा तीच पट्टी. मागे हूक असलेली ब्रा धावून झाल्यावर काढायला सोपी पडते. ओली, घट्ट ब्रा डोक्यावरून काढणं हा वेगळाच व्यायाम आहे.

मोजे पातळ, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे. जाड गादीचे मोजे दुकानात पायाला गोड वाटतात आणि दहाव्या किलोमीटरला दोन ओल्या पोळ्या होऊन बसतात. बोटांच्या मध्ये फोड येत असतील तर पाच बोटांचे घ्यावेत. दोन तासांवरच्या पळण्याला दुसरा जोड प्लास्टिक पिशवीत ठेवावा आणि अर्ध्यात बदलावा. दोन मिनिटं जातात, पण पाय वाचतात. कपाळासाठी टॉवेलच्या कापडाची पट्टी वीस मिनिटांत तुडुंब होते आणि मग सगळं एकदम डोळ्यांत सोडते. दमट हवेत टोपीपेक्षा वरून उघडी वायझर बरी. भुवयांच्या वर व्हॅसलीनची बारीक रेघ ओढली तर घाम तिथून बाजूला वळतो. आणि तोंड पुसायला मात्र सुती रुमालच न्यावा, त्याला तोड नाही.

मुंबईच्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांसाठी एक वेगळीच गंमत आहे. स्पर्धा जानेवारीत, वर्षातल्या सगळ्यात सुसह्य पहाटे. पण सोळा-अठरा आठवड्यांची तयारी सुरू होते सप्टेंबरात, आणि सर्वांत वाईट हवा नेमकी तेव्हाच असते. कपडे त्या हवेसाठी घ्यावेत. ऑक्टोबरात 18 किलोमीटर निभावलेली बंडी जानेवारीत निभावतेच. उलटं होत नाही. किटमध्ये मिळालेला नवाकोरा टी-शर्ट घालून स्टार्टला उभं राहणाऱ्यांना कितीही सांगा, दर वर्षी असतातच. घाटाची गोष्ट निराळी. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला पावसाळी हवेत यवतेश्वरच्या चढावर माणूस निथळतो, आणि धावणं थांबवून वाऱ्यात उभं राहिला की तोच ओला कपडा हुडहुडी भरवतो. तिथे शेवटाला कोरडा टी-शर्ट हाताशी असणं हे धावतानाच्या टी-शर्टाइतकंच महत्त्वाचं. एरवीही ओल्या कपड्यांत गाडी चालवत घरी जाणं, मग चहा, मग पेपर, यातून घामोळं आणि जांघेतला नायटा येतो. तो एकदा आला की महिनोन्‌महिने जात नाही.

राहता राहिलं धुणं. चांगले कपडे सर्वांत जास्त खराब होतात ते इथे. घरी आल्यावर ओला गोळा बादलीत किंवा पिशवीत टाकून ठेवू नये. लगेच साध्या पाण्यातून काढून दांडीवर टाकावा, साबण नंतर. पॉलिएस्टर पाणी सोडतं पण अंगाचं तेल धरून ठेवतं, आणि त्यावर वासाचे जिवाणू पोसतात. बेल्जियममधल्या 2014 च्या एका अभ्यासात, व्यायामानंतर पॉलिएस्टरच्या टी-शर्टांना सुती टी-शर्टांपेक्षा जास्त घाण वास येतो हे दिसलं होतं. उलटा करून, थंड किंवा कोमट पाण्यात, नेहमीच्या निम्म्या डिटर्जंटनं धुवावा. जास्त साबण निघत नाही, धाग्यांत बसतो. सुवासिक फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. तो धाग्यावर मेणचट थर चढवतो आणि थेंब पुन्हा मोत्यासारखा वर बसायला लागतो. वास मुरलाच असेल तर अर्धी बादली पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवावा आणि मग धुवावा. व्हिनेगरच्या जोडीला ब्लीच कधीही घालू नये, विषारी वायू होतो. ब्लीच एरवीही इलॅस्टेनला खातं. वाळवणं सावलीत. इस्त्री नाही.

आठवड्यातून चार दिवस धावणाऱ्यानं तीन टी-शर्ट आलटून पालटून वापरले तर ते दीड-दोन वर्षं जातात. अधूनमधून थेंबाची परीक्षा घेत राहावी. व्हिनेगरनं धुऊनही थेंब वरच बसत असेल, काखेचं कापड हाताला ताठ लागत असेल, तर त्याचे दिवस भरले. जुन्या सुती बनियनचं निदान फडकं तरी होतं. याचं तेही होत नाही. लादी पुसायला घेतलं तर पाणी टिपत नाही, नुसतं इकडून तिकडे पसरवत बसतं.